छोट्या सीएनसीवर ॲल्युमिनियम कापताना टूल का तुटतं आणि माप का हुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: टेबलावर मावणारं ३०१८ प्रकारचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणारं, मिलिंग मशीन घेतलं आहे. ३ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून ब्रॅकेट काढायचे आहेत. टूल चार धारांचं, एक सुताचं (३.१७५ मिमी). प्रत्येक पासला, म्हणजे टूलच्या एका फेरीत, खोली अर्धा मिमी. टूल तुटू नये म्हणून फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, मुद्दाम कमी, मिनिटाला १०० मिमी ठेवलं आहे. तरी आठवड्यात सहा टूल तुटली. २० मिमीचा चौकोन एका दिशेने २०.२ येतो, भोक नीट गोल येत नाही, आणि काम चालू असताना मशीन कधी कधी मध्येच थांबतं. सेटिंगमधले कोणते आकडे बदलावेत आणि देखभाल काय करावी?

आकडे सध्या आहेत तसेच राहू द्या. आधी ॲलन कीचा सेट आणि एक डायल गेज (बारीक सरक काट्याने दाखवणारं घड्याळ) हातात घ्या. भोसरीत मी बरीच वर्षं मोठ्या व्हीएमसीवर (कारखान्यातल्या सीएनसी मिलिंग मशीनवर) काम केलं, आणि गेली काही वर्षं घरी असंच छोटं मशीन चालवतो आहे. छोट्या मशीनच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ सैल स्क्रू, घाण कोलेट (टूल पकडणारी चिमट) किंवा चुकीचं टूल यांत निघतं. लोक मात्र कॉम्प्युटरमधले आकडे बदलत बसतात. मग मूळचा दोष झाकला जातो आणि त्यावर नवा दोष चढतो.

मापापासून सुरुवात करू, कारण टूल तुटण्याचं अर्धं कारण तिथेच आहे.

२०.२ येतंय म्हणून तुम्ही कंट्रोलरच्या $१०० या सेटिंगमध्ये हात घातला असेल तर आधी ते जुन्या आकड्यावर आणा. तो आकडा म्हणजे एक मिलिमीटर सरकायला मोटरला किती पल्स द्यायच्या. तुमच्या मोटरला एका फेऱ्यात २०० स्टेप, ड्रायव्हर त्या प्रत्येकीचे १६ भाग करतो, म्हणजे ३२००. लीड स्क्रू (अक्ष सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) एका फेऱ्यात अक्षाला ४ मिमी सरकवतो, म्हणून ३२०० भागिले ४, बरोबर ८००. स्क्रूचं लीड ८ मिमी असेल तर ४००. हे गणित आहे. २० मिमीवर ०.२ चुकलं म्हणून ८०० चे ७९२ केले की चौकोन बरोबर येतो खरा, पण १०० मिमीचा जॉब ९९.२ च्या आसपास येऊ लागतो. कारण तुमची चूक लांबीबरोबर वाढणारी नाही. ती दिशा बदलताना होणारी ठरावीक चूक आहे. तिला आपण प्ले म्हणतो, बॅकलॅश म्हणतो.

भोक पाहूनही हे कळतं. भोक उजेडात धरा. घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊ या जागी बारीक पायरी किंवा चपटेपणा दिसेल. वर्तुळ फिरताना एकेक अक्ष नेमका त्याच जागी दिशा उलटवतो. तिथे नट आणि स्क्रूमधली फट भरून निघेपर्यंत मोटर फिरते, पण अक्ष हलत नाही.

आता ते मोजू. डायलचं मॅग्नेटिक स्टँड तुमच्या बेडला चिकटणार नाही, कारण बेड ॲल्युमिनियमचा आहे. लोखंडाची एक जाड पट्टी बेडवर क्लॅम्प करा आणि स्टँड तिच्यावर ठेवा. डायलची टोच स्पिंडलच्या (टूल फिरवणाऱ्या मोटरच्या) बॉडीला लावा. एक्स अक्ष ०.१ च्या पावलांनी एकाच दिशेने तीन-चार वेळा सरकवा, म्हणजे त्या बाजूची फट भरून निघेल. डायल शून्यावर आणा. आता ०.१ उलट सरकवा आणि काट्याकडे बघा. ०.०१ च्या डायलवर काटा दहा रेघा हलायला हवा. तो दोनच रेघा हलला, तर तुमच्याकडे ०.०८ प्ले आहे. वाय अक्षाचंही असंच मोजा. त्यात बेडच सरकतो, म्हणून स्टँडही बेडवरच असेल तर स्पिंडलच्या बॉडीवर रीडिंग मिळतं. झेडला टोच खालून लावा.

मग दुसरी चाचणी. मोटरला करंट चालू ठेवा ($१ ला २५५ दिलं की त्या सतत धरून राहतात) आणि स्पिंडलला अंगठ्याने दाबून सोडा. काटा सरकून परत जागेवर आला तर तो फ्रेमचा लवचिकपणा. या मशीनला तो असतोच, त्याला कमी खोलीचा कट हाच उपाय. काटा सरकून तिथेच राहिला तर काहीतरी सैल आहे.

सैल काय असतं, तर माझ्या अनुभवात पहिला नंबर मोटर आणि लीड स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगच्या ग्रब स्क्रूचा (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूचा). प्रवासात ते ढिले होतात, कापतानाच्या थरथरीनेही होतात. एक ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या चपट्या भागावरच बसला पाहिजे. गोल भागावर कितीही आवळला तरी सरकतो. काढून, रॉकेलने पुसून, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावून आवळा. लाल लावू नका, नंतर निघत नाही. दुसरं, स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगचे ग्रब स्क्रू. ते ढिले असले की सगळा स्क्रूच मागे-पुढे होतो आणि तुम्ही नटला दोष देत बसता. मोटर बंद करून लीड स्क्रू चिमटीत धरा आणि अक्षाच्या दिशेने ओढा-ढकला. बोटाला टक् असं जाणवलं तर दोष तिथेच. तिसरा पितळी नट. त्याच्या दोन भागांत स्प्रिंग असते, ती दबून बसली किंवा नट झिजला की फट वाढते. नट बदलायला दहा मिनिटं लागतात, एक जादा आणून ठेवा.

हे सगळं केल्यावर प्ले ०.०२ ते ०.०३ पर्यंत आला तर या वर्गाच्या मशीनसाठी मी त्याला चांगलं म्हणेन. त्याहून खाली आणायच्या नादात नट इतका घट्ट करू नका की मोटर स्टेप चुकवायला लागेल.

आता टूल. इथे तुमची समजूत उलटी झाली आहे, आणि ती अगदी स्वाभाविक आहे. भीती वाटली की माणूस हळू चालवतो. पण मिलिंगमध्ये टूलची प्रत्येक धार मालाचा एक कीस काढत जाते, आणि तो कीस पुरेसा जाड असावा लागतो. तुमचा हिशेब करू. ७७५ मोटरचा स्पिंडल लोडवर समजा ८००० फेरे देतो. चार धारा, म्हणजे मिनिटाला ३२,००० वेळा धार मालाला लागते. फीड १००. भागाकार केला तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.००३ मिमी येतं, म्हणजे ३ मायक्रॉन. नव्या टूलची धारसुद्धा अगदी सूक्ष्म पाहिली तर काही मायक्रॉनची गोलाई असलेली असते. ३ मायक्रॉनला ती कापत नाही, घासते. घासलं की उष्णता, उष्णता झाली की ॲल्युमिनियम मऊ होऊन धारेला चिकटतं, टूलची खाच (धारांमधली, कीस बाहेर नेणारी) बुजते, आणि मग दांडा तुटतो. तुटलेलं टूल भिंगाखाली बघा. खाचेत चंदेरी लगदा बसलेला दिसेल.

चार धारांचं टूल स्टीलसाठी ठीक आहे. या मशीनवर ॲल्युमिनियमला एका धारेचं, मोठ्या खाचेचं कार्बाइड टूल घ्या. एक सुताचंच चालेल. (ज्यांना सूत माहीत नाही त्यांच्यासाठी: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. या टूलांच्या दांड्याचं माप नेमकं तेच असतं, आणि सुतारकामातला जुना शब्द इथे चपखल बसतो.) आता ८००० फेरे, एक धार, प्रत्येक कीस ०.०२ मिमी, म्हणजे फीड १६०. खोली मात्र अर्ध्या मिमीवरून ०.१५ वर आणा. ३ मिमीची पट्टी वीस पासमध्ये कापली जाईल. वेळ लागेल, लागू द्या. फीड कमी करून मशीन वाचत नाही, खोली कमी करून वाचतं.

टूल सरळ खाली खुपसू नका. चार धारांच्या काही टूलांना तर मध्यभागी धारच नसते, ती खाली जाताना फक्त रेटतात. कॅममध्ये (टूलचा मार्ग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) रॅम्पने उतरण्याचा पर्याय असतो, उतार दोन-तीन अंशांचा ठेवा. आणि मालातली खाच टूलच्याच रुंदीची काढू नका. ३.१७५ च्या टूलने ४ मिमी रुंद खाच काढली की कीस बाहेर पडायला जागा मिळते. बंद खाचेत कीस तिथेच फिरतो, परत परत कापला जातो आणि टूलला जाम करतो. मी माशांच्या टाकीचा हवेचा पंप जोडून त्याची बारीक नळी टूलच्या टोकाकडे वळवली आहे. हवा थोडीच येते, पण सतत येते.

ॲल्युमिनियम कोणतं, हेही बघा. ६०६१ किंवा ६०८२ ग्रेडचं सुटसुटीत कापलं जातं. भंगारातून आणलेली मऊ पट्टी, वाकवली की सहज वाकणारी, चिकट असते आणि टूलला लपेटते. शिकताना त्याच पट्टीवर प्रयोग केले तर निष्कारण स्वतःवरचा विश्वास उडतो.

रॉकेलचा हात देणं ही आपल्याकडच्या टर्नरांची जुनी पद्धत आहे आणि ॲल्युमिनियमला ती लागूही पडते. पण तुमची ७७५ मोटर ब्रशवाली आहे, तिच्या आत ठिणग्या उडतात आणि तिला हवेच्या खिडक्या आहेत. तिच्याखाली रॉकेल किंवा अल्कोहोलचा फवारा मारू नका. ब्रशने कटिंग ऑइलचा एखादा थेंब खाचेत सोडा, तेवढं पुरतं. याच खिडक्यांतून ॲल्युमिनियमचा कीसही आत ओढला जातो आणि मोटर शॉर्ट होते. वरून कागदी पुठ्ठ्याची गळपट्टी करून घाला, पण हवा कोंडू देऊ नका.

कीस हाच तुमचा मीटर आहे. मशीन थांबवा, स्पिंडल पूर्ण थांबू द्या, आणि कीस ब्रशने कागदावर घ्या. तो रव्यासारखा सुट्या दाण्यांचा, चमकदार असेल तर कट बरोबर आहे. पिठीसारखा बारीक, काळपट असेल तर टूल घासतंय, फीड थोडं वाढवा किंवा फेरे कमी करा. एकमेकांना चिकटलेले गोळे असतील तर ताबडतोब थांबा, पुढच्या पासला टूल जाणार. आवाजही ऐका. चांगल्या कटचा आवाज एकसारखा, घरघरता असतो. किंचाळल्यासारखा आवाज आला की खोली कमी करा, फीडला शेवटी हात लावा.

यानंतरही टूल तुटत असेल तर कोलेट. ईआर११ कोलेट बसवताना ती आधी नटमध्ये कट् असा आवाज येईपर्यंत तिरकी दाबून अडकवायची, मग नट स्पिंडलवर चढवायचं. अनेक जण कोलेट स्पिंडलमध्ये टाकतात आणि वरून नट आवळतात. तशी ती वाकडी बसते. टूलशिवाय कोलेट कधीच आवळू नका, तिचा आकार बिघडतो. आणि दर वेळी कोलेट, नट व स्पिंडलचा आतला कोन रॉकेलच्या फडक्याने पुसा. एक कण अडकला तरी टूलचं टोक डगमगतं. डायलची टोच टूलच्या गुळगुळीत दांड्याला लावून, वीज काढून, स्पिंडल हाताने फिरवा. काटा ०.०५ फिरत असेल तर विचार करा: तुमचा कीस ०.०२ चा, आणि डगमग त्याच्या अडीचपट. टूल कोलेटमध्ये पाव फेरा वळवून परत आवळून पाहा, पुष्कळदा रीडिंग निम्म्यावर येतं. तरी नाही आलं तर चांगली कोलेट विकत घ्या. या मशीनवर पैसे घालायची पहिली जागा तीच.

एक संध्याकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. ओळीने चार टूल गेली. फीड बदललं, खोली बदलली, टूलचा पुरवठादार बदलायचंही ठरवलं. मग पाचव्या टूलच्या दांड्यावर कोलेटच्या तोंडाशी मार्करने रेघ मारली. तीन पासनंतर रेघ कोलेटपासून एक मिमी खाली आली होती. टूलची वळणदार खाच त्याला मालात खाली ओढत होती आणि नट पुरेसा आवळलेला नव्हता. प्रोग्राम ०.१५ खोली मागत होता, टूल त्याच्या कित्येक पट खोल जात होतं. तेव्हापासून रेघ मारल्याशिवाय मी जॉब सुरू करत नाही. दोन पाने वापरून आवळा, एक स्पिंडल धरायला आणि एक नटला.

पट्टी पकडण्याबद्दल थोडंसंच. क्लॅम्प शक्य तिथे क्लॅम्पच. पातळ पट्टी मध्ये उचलली जात असेल तर बेडवरच्या बोर्डाला आणि पट्टीला, दोन्हीकडे मास्किंग टेप लावायचा, आणि दोन टेपांच्या मध्ये फेव्हिक्विकचे थेंब. पकड जबरदस्त येते आणि नंतर टेप सोलून निघतो. ब्रॅकेटला तीन-चार टॅब (तुकडा पट्टीला धरून ठेवणारे, न कापलेले छोटे भाग) ठेवायला विसरू नका. शेवटच्या पासला तुकडा मोकळा झाला की तो फिरून टूलला चावतो. सहापैकी एखादं टूल नक्कीच असं गेलं असेल.

आता मध्येच थांबण्याचं. मशीन फक्त स्पिंडल चालू असताना थांबतं का, हे आधी तपासा. प्रोग्राम टूलशिवाय, स्पिंडल बंद ठेवून, हवेत चालवा. तेव्हा पूर्ण झाला आणि स्पिंडल चालू केल्यावर मध्येच थांबला, तर तो विजेचा गोंगाट आहे. ब्रशच्या ठिणग्यांमुळे तो यूएसबीच्या तारेत शिरतो आणि कंट्रोलरचा कॉम्प्युटरशी संपर्क तुटतो. मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. स्पिंडलच्या दोन तारा एकमेकींना पिळून यूएसबीपासून लांब न्या. यूएसबी केबल आखूड, शील्डवाली, फेराइटचा मणी असलेली घ्या. मशीनच्या फ्रेमला अर्थिंग द्या, आणि ज्या प्लगमध्ये खरंच अर्थिंग आहे असा प्लग वापरा. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसरी तार कुठेच जोडलेली नसते. वायरमनकडून एकदा बघून घ्या. व्हॅक्यूम क्लीनर वेगळ्या बोर्डावर लावा. आणि लॅपटॉपची स्लीप बंद केली आहे ना, तेही पाहा.

लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणारे) लावले असतील आणि कारण नसताना अलार्म येत असेल तर तोही याच गोंगाटाचा प्रकार. तिथे नेहमी जोडलेले राहणारे, म्हणजे एनसी प्रकारचे स्विच जास्त भरवशाचे. त्यांची तार तुटली तरी लगेच कळतं. स्विच नसतील तर अवश्य बसवा आणि होमिंग (स्विचपर्यंत जाऊन मशीनने आपली जागा ओळखणं) चालू करा. आपल्याकडे वीज जाणं नवीन नाही. वीज गेली की कंट्रोलरला आपण कुठे होतो हे आठवत नाही, पण जी५४ मध्ये साठवलेलं जॉबचं शून्य त्याच्या मेमरीत राहतं. वीज आल्यावर होमिंग केलं की जुनं शून्य होमिंग स्विचच्या अचूकतेइतकं परत मिळतं आणि अर्धा जॉब वाचतो. घरच्या कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर मशीन त्यावर लावा. निदान टूल वर उचलून नीट थांबवायला वेळ मिळतो.

देखभालीत मी जॉब संपल्यावर पाच मिनिटं कधीच चुकवत नाही. कीस ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढायचा. हवेच्या प्रेशरने उडवायचा नाही, तो नेमका बेअरिंगमध्ये आणि नटमध्ये जाऊन बसतो. लीड स्क्रूवर जुना टूथब्रश फिरवायचा. आठवड्यातून एकदा रॉड स्वच्छ फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब लावायचे, अक्ष पूर्ण टोकापासून टोकापर्यंत फिरवायचा आणि वर आलेलं काळं तेल पुसायचं. लाकूड किंवा एमडीएफ कापत असाल तर स्क्रूला ग्रीस लावू नका, त्यात भुसा कालवला जाऊन पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते. डब्ल्यूडी-४० ने साफ करता येतं, पण ते वंगण म्हणून पुरत नाही. त्याच्यावर तेल लावावंच लागतं.

पावसाळ्यात दोन गोष्टी वाढतात. रॉडवर गंज, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, म्हणून मशीन वापरात नसलं तरी जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तेलाचा हात फिरवा. आणि बेडवरचा एमडीएफ बोर्ड ओल धरून फुगतो. महत्त्वाच्या जॉबआधी त्यावर सपाटीचा एक पास मारा. सपाटी करताना पृष्ठभागावर बोट फिरवून पायऱ्या लागल्या तर स्पिंडल काटकोनात नाही. माउंटच्या मागे शीतपेयाच्या कॅनच्या पत्र्याची पट्टी घाला. तो पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, शिमसाठी उत्तम.

हात मोजे घालून फिरत्या स्पिंडलजवळ नेऊ नका, मोजा गुंडाळला की बोट बरोबर जातं. ओढणी, लोंबती बाही, मोकळे केस, सगळं बांधून. चष्मा असला तरी वरून गॉगल. काचेच्या धाग्यांचा पीसीबी बोर्ड कधी कापलात तर चांगला मास्क आणि व्हॅक्यूम दोन्ही हवेत, ती धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. आणि मशीन चालू ठेवून जेवायला जाऊ नका. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण घासणारं टूल आणि कोरडा भुसा एकत्र आले की धूर निघायला फार वेळ लागत नाही.

या रविवारी कपलिंगचे ग्रब स्क्रू आवळून तिन्ही अक्षांचं डायलचं रीडिंग घ्या, टूलच्या दांड्याची डगमग मोजा, आणि एका धारेच्या टूलने ०.१५ खोली, १६० फीडवर २० चा एक चौकोन काढा. चारही आकडे आणि कागदावरच्या कीसाचा जवळून काढलेला फोटो पाठवा. एक्सचा प्ले ०.०५ च्या वर राहिला असेल तर नट बदलावा लागेल, आणि त्यासाठी स्पिंडल वाहून नेणारा गाडा कसा उतरवायचा ते मी पायरीपायरीने लिहून पाठवतो.